उमरावाची लबाडी आणि खाटकाची लबाडी

गुन्हेगाराला नायक करू नये, असं आर्थर कॉनन डॉयल यांनी आपल्या मेहुण्याला बजावलं होतं. मेहुणा म्हणजे अर्नेस्ट विल्यम हॉर्नंग. दिवसा क्रिकेट खेळायचं आणि रात्री हिरे लांबवायचे, असा दुहेरी कारभार असलेला त्याचा रॅफल्स १८९९ साली पुस्तकात आला आणि वाचकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पुस्तक अर्पण केलं होतं डॉयलनाच. १९२४च्या आत्मचरित्रात डॉयलनी या कथांच्या कारागिरीची मनापासून तारीफ केली आणि त्याच दमात त्या धोकादायक आहेत, हे आपण लिहिण्याआधीच सांगितलं होतं, असंही नोंदवून ठेवलं.

शंभर वर्षं उलटली तरी वाद तिथेच आहे. कोणी बँक बुडवून पळालेला असतो, कोणी शेअर बाजाराला चुना लावलेला. त्याच्यावर वेबमालिका येते. तो पडद्यावर संथपणे चालत येतो, पार्श्वसंगीत त्याच्या बाजूने वाजतं आणि आठवडाभरात त्याचे संवाद लोकांच्या स्टेटसवर दिसायला लागतात. कोणी नाक मुरडलं तर उत्तर तयार असतं: साहित्यात लबाड नायक कायमच होते, इंग्रजांनी तर ते उमरावांच्या वाड्यांत पोसले, त्यांचा विनोदी लेखक पी. जी. वुडहाऊस वाचून कोण बिघडला? कोणी बिघडला नाही, हे कबूल. पण वुडहाऊसचा लबाड घडवलाय कसा, हे न बघता त्याचं नाव ढाल म्हणून पुढे करणं ही स्वतःच एक लबाडी आहे. तो लबाड आपल्याला आवडतो याचं कारण त्याचं बोलणं गोड आहे हे नव्हेच. लेखकाने त्याच्या प्रत्येक उचापतीचा जमाखर्च चोख ठेवलेला असतो, म्हणून आवडतो. आणि त्या जमाखर्चातही एक खातं आहे जिथे गडबड आहे. त्याबद्दल वुडहाऊसचे चाहते सहसा बोलत नाहीत.

या घडणीचा सगळ्यात स्वच्छ नमुना म्हणजे अंकल फ्रेड. पूर्ण नाव फ्रेडरिक आल्टामाँट कॉर्नवॉलिस ट्विसल्टन, इकेनहॅमचा पाचवा अर्ल, मुक्काम हॅम्पशायर. घराण्यातला धाकटा मुलगा, त्यामुळे पदवी अंगावर पडण्याआधी अमेरिकेत गुरं राखण्यापासून सोडा विकण्यापर्यंत नाना उद्योग करून आलेला. बायकोने शहाणपणाने पैशाच्या नाड्या स्वतःच्या हाती ठेवल्यात. नवऱ्याला तंबाखू, गोल्फचे चेंडू आणि थोडाफार स्वाभिमान परवडेल एवढाच हातखर्च. ती परगावी गेली की हे गृहस्थ लंडन गाठतात आणि पुतण्या पाँगोला बखोटीला धरून बाहेर पडतात. १९३५च्या पहिल्याच कथेत दोघं मिचिंग हिल नावाच्या उपनगरात जातात. एके काळी तिथे त्यांच्या घराण्यातल्या कुणाचं शेतीवाडीसकट मोठं घर होतं, आता बैठ्या बंगल्यांच्या रांगा उभ्या राहिल्यात. पाऊस येतो. अंकल फ्रेड समोरच्या अनोळखी घराची घंटा वाजवतो आणि सांगतो, पक्ष्यांच्या दुकानातून आलोय, पोपटाची नखं कापायचीत. पाँगो हा भूल देणारा सहायक. मोलकरीण आत घेते. मालक बाहेरगावी गेलेत हे कळल्यावर अंकल फ्रेड मालक होऊन बसतो, शेकोटीशी पाय पसरतो, आणि मालकाच्या नातेवाइकांत एका मुलीच्या लग्नावरून भांडण पेटलेलं असतं त्यात उडी घेतो. मुलीला हवा असलेला मुलगा वाम मासळी जेलीत घालून विकायच्या धंद्यातला. घरच्यांना तो जावई म्हणून कमीपणाचा वाटतो. अंकल फ्रेड त्या घराण्याच्या तथाकथित कुलवृत्तांतातल्या एकेक भानगडी जागच्या जागी रचून अशा काही सुनावतो, की वाम विकणारा जावई त्यापुढे अगदी सोवळा वाटावा.

आता याचा जमाखर्च मांडा. गेलं काय? थोडा चहा, थोडी ऊब आणि काही माणसांचा तोरा. आलं काय? एक लग्न मार्गी लागलं. पोपटाची नखं तशीच राहिली, पण पोपटाची त्याबद्दल तक्रार नसावी. महत्त्वाचं म्हणजे अंकल फ्रेड त्या घरातून बाहेर पडताना खिशात काही घेऊन पडत नाही. १९३९च्या कादंबरीत तर तो भर रस्त्यात एका अनोळखी माणसावर विश्वासाचं जुनं नाटक करून पाकीट काढून घेतो, पण ते पैशासाठी नसतं. इतके भोळे लोक जगात खरंच आहेत का, एवढंच त्याला बघायचं असतं. पाकीट ज्याचं, तो पुढे अंकल फ्रेड ज्या वाड्यात पाहुणा म्हणून जातो तिथेच समोर येऊन उभा राहतो आणि कथानकाला पीळ पडतो.

ही गंमत वाड्यातच का घडते, याला आर्थिक कारण आहे आणि टीकाकार ते फार पटकन ओलांडून जातात. इंग्रज सरंजामी कायद्याने आणि रूढीने सगळी स्थावर मिळकत थोरल्या मुलाकडे जायची. धाकटे भाऊ, पुतणे, भाचे, भाच्या यांच्या वाट्याला तनखा यायचा, तोही कुटुंबप्रमुखाच्या मर्जीवर. जे काही भांडवल त्यांच्या नावे असेल, ते विश्वस्ताच्या कुलुपात. म्हणून वुडहाऊसच्या ब्लँडिंग्ज कॅसलमध्ये, म्हणजे लॉर्ड एम्सवर्थच्या वाड्यात, पाहावं तेव्हा कुणाला तरी ठरावीक रक्कम हवी असते. १९२३च्या कादंबरीत वुडहाऊसचा दुसरा गोडबोल्या लबाड स्मिथ याचा मित्र माइक याला शेत घ्यायला ३,००० पौंड हवेत आणि ते त्याच्या बायकोचे सावत्र वडील आनंदाने देतील, पण त्यांचं बँक खातं दुसऱ्या बायकोबरोबर, म्हणजे लॉर्डची बहीण लेडी कॉन्स्टन्स हिच्याबरोबर, संयुक्त आहे आणि तिच्या नकळत त्यातून दमडी निघत नाही. १९२९च्या कादंबरीत रॉनी फिशला लग्न करायचंय आणि त्याचं भांडवल मामा लॉर्ड एम्सवर्थच्या विश्वस्तपदाखाली अडकलंय. आणखी एकाला कांद्याच्या सूपचं दुकान काढायला पैसे हवेत आणि त्याचा ड्यूक मामा ते द्यायला तयार नाही. पैसा आहे, भरपूर आहे, पण तो म्हाताऱ्यांच्या मुठीत आहे आणि उपयोग तरुणांना आहे. लबाड माणूस इथे दलालाचं काम करतो. अडलेलं भांडवल मोकळं करून देतो आणि दलाली घेत नाही.

हे खुद्द स्मिथनेच बोलून दाखवलंय. ड्रोन्स क्लबच्या खिडकीतून त्याला समोर पावसात अडकलेली एक मुलगी दिसते. तो खाली जातो, कपडे ठेवायच्या खोलीतली सगळ्यात चांगली छत्री उचलतो आणि तिला नेऊन देतो. छत्री दुसऱ्याच सदस्याची. त्याने जाब विचारल्यावर स्मिथ म्हणतो, लोक संपत्तीच्या फेरवाटपावर नुसत्या गप्पा मारतात, मी ते करून दाखवतो. वाक्य विनोदी आहे, पण हा विनोद अगदी नेमक्या जागी बसलाय.

त्यामुळे चोरीही अशी रचावी लागते की ती चोरी राहू नये. लेडी कॉन्स्टन्सचा हार २०,००० पौंडांचा. तो चोरायचा बेत खुद्द तिच्या नवऱ्याचा. हार गेला की तो बायकोला नवा हार घेऊन द्यायला मोकळा, म्हणजे खात्यातून मोठी रक्कम काढायला सबब मिळाली. जुन्या हाराचे खडे दुसऱ्या कोंदणात बसवून तिलाच परत द्यायचे आणि उरलेली रक्कम सावत्र मुलीला. बायकोचे खडे बायकोच्याच गळ्यात. रॉनी फिश एक पायरी पुढे जातो. तो मामांची लाडकी डुकरीण पळवतो, ती 'शोधून' आणायची आणि हर्षभरित मामांकडून रक्कम उकळायची या बेताने. डुकरीण म्हणजे एम्प्रेस ऑफ ब्लँडिंग्ज, काळी बर्कशायर, श्रॉपशायरच्या कृषी प्रदर्शनात लठ्ठ डुकरांच्या गटात रौप्यपदक मिळवलेली. बेत फसतो कुठे? खुराकात. शास्त्रोक्त तक्त्याप्रमाणे तिला दिवसाला ५७,८०० कॅलरी लागतात, त्यात २५ पौंड कर्बोदकं. एवढं अन्न रोज जंगलातल्या रखवालदाराच्या ओस घरात कुणाच्या नजरेत न येता पोचवायचं कसं? म्हणून बटलर बीचला कटात ओढावं लागतं, आणि कटात तिसरा माणूस आला की कट फुटतो. वुडहाऊसचं कथानक असं खुराकाच्या हिशेबावर हलतं. लबाडी म्हणजे कष्टाचं काम, हे त्याच्याइतकं आवर्जून कोणी दाखवलं नसेल.

तोतयेगिरीचंही तेच. वाड्यात तोतया शिरवायचा तर चार गोष्टी जुळाव्या लागतात. ज्याच्या नावाने जायचं तो माणूस प्रसिद्ध हवा, पण चेहऱ्याने अनोळखी हवा. म्हणून कॅनडाचा कवी, म्हणून मनोविकारतज्ज्ञ. खऱ्या माणसाला वाटेतून दूर करणारा अपघात हवा, आणि तो शक्यतो यजमानाच्याच हातून व्हावा. लॉर्ड एम्सवर्थ लंडनच्या क्लबात कवी मॅकटॉडला जेवायला बोलावतो, जेवण अर्ध्यात टाकून रस्त्यापलीकडच्या दुकानातली फुलं बघायला निघून जातो. अपमानित कवी तणतणत चालता होतो. परत आल्यावर चष्मा हरवलेल्या लॉर्डना समोर जो बसलेला दिसतो तोच मॅकटॉड, आणि तो असतो स्मिथ. त्याने नाव चोरलं नाही. नाव चालत त्याच्या टेबलापाशी आलं. अंकल फ्रेडच्या वेळी तर लॉर्ड एम्सवर्थ स्वतःच कटात आहे. मनोविकारतज्ज्ञ सर रॉडरिक ग्लॉसप याला आणायला पाठवलं, तर हे त्यालाच दुखावून आले, आता बहिणीला तोंड काय दाखवायचं? म्हणून अंकल फ्रेड ग्लॉसप होऊन येतो, पाँगो त्याचा सचिव होतो आणि पॉली नावाची मुलगी त्याची कन्या. यजमानाला माहीत असलेली तोतयेगिरी ही यजमानाची फसवणूक कशी होईल? ऑर्वेलने १९४४च्या निबंधात रॅफल्सबद्दल एक मार्मिक गोष्ट टिपली होती: पाहुणा म्हणून उतरलेल्या घरी तो चोरी करेल, पण हात घालेल तो दुसऱ्या पाहुण्याच्या दागिन्यांना, यजमानाच्या नव्हे. हा नियम हास्यास्पद आहे, पण नियम आहे. वुडहाऊसने तो आणखी घट्ट केला: यजमानाला तर लुटायचं नाहीच, उलट त्याचं भलं करूनच निघायचं.

तिसरी गोष्ट, ओळख पटवू शकेल असा एक माणूस वाड्यात असायला हवा, नाहीतर जीव टांगणीला लागत नाही. आणि चौथी, त्या माणसाचं तोंड बंद करायला काहीतरी हातात हवं. या शेवटच्या दोन गोष्टींपाशीच माझी तक्रार सुरू होते. पण आधी हे नियम मोडले की काय होतं ते बघू, कारण इंग्रजी विनोदी वाङ्मयात ते मोडणारेही थोर लेखक आहेत.

कथाकार साकीचा क्लोव्हिस घ्या. १९११च्या एका कथेत तो आगगाडीत हडल नावाच्या गृहस्थाचं रडगाणं ऐकतो: आयुष्य फार चाकोरीबद्ध झालंय, चिमणीपाखरांनी घरट्याचं झाड बदललं तरी बेचैन व्हायला होतं. क्लोव्हिस बिशपचा सचिव बनून त्याच्या घरी थडकतो आणि जाहीर करतो की बिशप आज रात्री याच घरातून परिसरातल्या सगळ्या ज्यूंची कत्तल करवणार आहेत. भाऊबहीण रात्रभर थरथरत बसतात, क्लोव्हिस सकाळी निघून जातो. कथा कमालीची बांधेसूद आहे. पण जमाखर्च मांडला की जमेच्या बाजूला शून्य येतं. हडलचं काही अडलं नव्हतं आणि काही सुटलंही नाही. शिवाय विनोदासाठी वेठीला धरलेली माणसं कथेत जवळजवळ दिसतच नाहीत. त्यांची फक्त संख्या येते. तीस वर्षांनी युरोपात जे घडलं त्यानंतर ही कथा पूर्वीसारखं हसून वाचणं कठीण झालं. हा दोष काळाचा आहे म्हणून साकीला सोडून देता येईल, पण पूर्ण सुटका होत नाही. ज्याच्या जिवावर विनोद करायचा त्याला दृष्टीआड ठेवलं, की तो विनोद कधी ना कधी नासतो.

कादंबरीकार एव्हलिन वॉचा बेसिल सील दुसऱ्या टोकाला. १९४२च्या कादंबरीत महायुद्ध सुरू झालेलं आहे, शहरांतली मुलं खेड्यांत हलवली जातायत. बेसिल बहिणीच्या गावी मुलांची घरं ठरवणारा अधिकारी होऊन बसतो. तीन महाद्वाड भावंडं तो मुद्दाम नीटनेटक्या, शांतताप्रिय जोडप्यांच्या गळ्यात मारतो आणि त्यांना परत न्यायचे पैसे घेतो. पुढे हा धंदाच दुसऱ्या अधिकाऱ्याला विकून मोकळा होतो. वाचताना हसू फुटतं आणि पाठोपाठ ओशाळायलाही होतं. वॉला तेच हवं होतं. त्याने बेसिलसाठी माफी मागितली नाही, वाचकाला माफ करायलाही सांगितलं नाही. हा प्रामाणिकपणा मला क्लोव्हिसपेक्षा वरचा वाटतो. आजच्या मालिकांचा खरा पूर्वज बेसिल आहे, फरक इतकाच की मालिकांनी ओशाळणं गाळलं आणि टाळ्या ठेवल्या.

आता माझी तक्रार. ओळख पटवू शकणारा, तोंड बंद करायचा तो माणूस वुडहाऊसच्या वाड्यात बहुतेक वेळा एकच असतो: रुपर्ट बॅक्स्टर, सचिव. चश्मा लावणारा, कामसू, संशयी. त्याच्याबद्दल एक साधी गोष्ट लक्षात घ्या: त्याचा संशय खरा असतो. स्मिथ कवी नाही हे त्याने ओळखलं, ते खरंच होतं. सर रॉडरिकला तो पूर्वी भेटलेला, त्यामुळे हा ग्लॉसप नव्हे हे त्याला पहिल्याच नजरेत कळलं, तेही खरं. मालकाच्या घरात तोतया शिरलाय हे सचिवाने ओळखणं म्हणजे त्याने पगार ज्यासाठी घ्यायचा ते काम. त्याचं फळ काय मिळालं? अंकल फ्रेड त्याला बाजूला घेऊन शांतपणे आठवण देतो की तू मालकाला न सांगता लंडनच्या नाचाच्या जलशाला गेला होतास, तुझ्या आताच्या मालकाला, ड्यूकला, कळलं तर नोकरी जाईल. बॅक्स्टर गप्प बसतो. सोज्वळ शब्दांत सांगितलं तरी ही धमकी आहे आणि ती चालते याचं कारण एकच, समोरच्याचं पोट पगारावर आहे. अर्लचं नाही.

स्मिथच्या कादंबरीत तर याहून वाईट. हार फुलांच्या कुंडीत लपवलाय, हा बॅक्स्टरचा तर्क बिनचूक आहे. मध्यरात्री तो लिंबू रंगाच्या पायजम्यात बाहेर येऊन कुंड्या उपड्या करतो. पाठीमागे दार बंद होतं. आत कुणाला जाग यावी म्हणून तो खिडकीवर कुंड्या फेकतो, त्या नेमक्या लॉर्ड एम्सवर्थच्या शयनगृहात जाऊन पडतात. इंग्रजी विनोदातल्या अत्यंत देखण्या प्रसंगांत हा मोडतो, वाक्यावाक्याला हसू येतं, त्यात वाद नाही. सकाळी त्याला वेडा ठरवून काढून टाकतात. आणि रिकाम्या झालेल्या जागी सचिव म्हणून कोण लागतं? स्मिथ. खोटं नाव घेऊन आलेल्याने खरं काम करणाऱ्याची नोकरी घेतली, आणि आपण हसलो. १९२९मध्ये परत तेच: डुकरीण शेवटी सापडते कुठे, तर बॅक्स्टरच्या कॅरव्हॅनमध्ये.

वुडहाऊसने हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्याला वर्गलढा लिहायचा नव्हता. स्वतः तरुणपणी लंडनमध्ये हाँगकाँग अँड शांघाय बँकेत दोन वर्षं कारकुनी केलेला माणूस होता तो, पगारदाराची गोष्ट त्याला अपरिचित नव्हती. पण त्याच्या सगळ्या लबाडांना एका रांगेत उभं केलं की एक शिडी दिसते. सगळ्यात वर अर्ल असलेला अंकल फ्रेड. तो कधीच हरत नाही. त्याखाली लॉर्डचा धाकटा भाऊ गॅलहॅड. तोही जवळपास अजिंक्य. मग स्मिथ: ईटनचा विद्यार्थी, वडिलांचा पैसा बुडालेला, पण भाषा शाबूत, धडपडतो आणि जिंकतो. त्याखाली युक्रिज: शाळा बरी, पण घर नाही, कॉलर नाही, वर कडक आत्या. तो आत्याचीच पेकिनीज कुत्री पळवून त्यांना कसरती शिकवायची शाळा काढतो, वर्तमानपत्रांच्या वर्गणीबरोबर मिळणाऱ्या अपघात विम्यावर मित्रांची मंडळी उभी करून एकाला अपघात घडवायचा बेत आखतो, आणि प्रत्येक वेळी तोंडघशी पडतो. सगळ्यात खाली सोपी मॉलॉय, एडी कूट्स वगैरे धंदेवाईक भामटे. त्यांना यश मिळालेलं एकही पुस्तक नाही. कौशल्य बघाल तर खालचे लोक वरच्यांपेक्षा कमी नाहीत. पण यश जन्माच्या क्रमाने वाटलेलं आहे. जो पोटासाठी लबाडी करतो तो हास्यास्पद, जो हौसेसाठी करतो तो मनोहर.

कादंबरीबाहेरचं इंग्लंड यापेक्षा वेगळं नव्हतं. वॅपिंगच्या खाटकाचा मुलगा आर्थर ऑर्टन, ऑस्ट्रेलियात वॅगा वॅगाला खाटीकच होता. १८५४ला समुद्रात बेपत्ता झालेला हॅम्पशायरच्या टिचबोर्न घराण्याचा वारस तो मीच, असा दावा त्याने लावला. बेपत्ता मुलाच्या आईने त्याला मुलगा म्हणून छातीशी धरलं. दिवाणी दावा फसला, फौजदारी खटला चालला आणि १८७४ साली त्याला १४ वर्षांची सक्तमजुरी झाली. गोरगरिबांनी त्याच्यासाठी वर्गण्या काढल्या होत्या. यातले कित्येक त्याला खरा मानत होते असंही नाही. त्यांना खटल्यात वर्गभेदाचा वास आला होता. उलट फेब्रुवारी १९१०मध्ये होरेस डी व्हियर कोल आणि त्याच्या पाच मित्रांनी, त्यात पुढे व्हर्जिनिया वुल्फ म्हणून जगाला कळलेली व्हर्जिनिया स्टीफनही होती, चौघांची तोंडं काळवंडून, दाढ्या चिकटवून, ॲबिसिनियाचे राजपुत्र आणि त्यांचा लवाजमा म्हणून ब्रिटिश आरमाराच्या ड्रेडनॉट युद्धनौकेवर मानवंदना घेतली. परराष्ट्र खात्याच्या नावाने खोटी तार केली होती. खटला? नाही. आरमाराच्या काही अधिकाऱ्यांनी घरी येऊन दोघांना छडीचे लुटुपुटूचे फटके दिले आणि हिशेब मिटला. ऑर्टनला जमीन हवी होती आणि कोलला गंमत, हा फरक मोठा आहे. तो नाकारून माझा मुद्दा पुढे रेटणं बरोबर होणार नाही. पण गंमत परवडणं हीसुद्धा एक मिळकतच असते. आणि त्या गंमतीत ज्यांची सोंगं काढली त्या ॲबिसिनियन लोकांना कोणी विचारलं नव्हतं.

मग वुडहाऊस वाचू नये का? छे. पुन्हा पुन्हा वाचावा. त्याचा लबाड डॉयलच्या आक्षेपातून सहीसलामत सुटतो, कारण तो रॅफल्ससारखा लुटीवर जगत नाही. त्याच्या हातून ज्याचं जे आहे ते शेवटी त्यालाच मिळतं, फक्त म्हाताऱ्यांच्या मुठी थोड्या सैल होतात. बॅक्स्टरपुरता हिशेब चुकलाय तो वाचकाने मनातल्या मनात दुरुस्त करावा. त्याने पुस्तकाची चव बिघडत नाही, उलट त्या कुंड्यांच्या प्रसंगाला थोडं मीठ लागतं.

मात्र हा परवाना खऱ्या ठेवी बुडवणाऱ्याला लागू होत नाही. अंकल फ्रेडच्या कथेत पैसा विश्वस्ताकडून वारसाकडे जातो, घोटाळेबाजाच्या कथेत तो पेन्शनरकडून घोटाळेबाजाकडे जातो. दिशा उलटी आहे. ती उलटी असताना तसंच गोड बोलणं आणि तशीच ऐटबाज चाल कॅमेऱ्यात पकडली, तर त्याला विनोद म्हणता येणार नाही. ती जाहिरात झाली. 'त्याने काय डोकं लावलं' हे कौतुकाचं वाक्य नेमकं तिथे जन्मतं, जिथे ज्याचं डोकं फुटलं तो दृश्यात नसतो.

या बाबतीत धडा घ्यायला हॅम्पशायरपर्यंत जायची गरज नाही. आचार्य अत्र्यांनी १९६२ साली 'तो मी नव्हेच' लिहिलं, तेव्हा त्यांच्यापुढे एक खरा खटला होता आणि पणशीकरांसारखा नट होता, जो पाच रूपांत प्रेक्षकांना खिशात घालणार हे उघड होतं. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे याच्यापेक्षा जास्त हशा मराठी रंगभूमीवर फार थोड्या खलनायकांनी मिळवला असेल. अत्र्यांनी त्याच्या मोहकपणाला कुठे कात्री लावली नाही. त्यांनी फक्त जागा निवडली: न्यायालय. फिरता रंगमंच लखोबाच्या करामती दाखवतो, प्रेक्षक हसतो, आणि रंगमंच फिरून परत येतो तेव्हा पिंजऱ्यात ती फसवली गेलेली बाई उभी असते. हशा आणि साक्ष आलटून पालटून येतात, एकाला दुसऱ्यापासून पळता येत नाही. मालिका लिहिणाऱ्यांना एवढी सोय पुरेशी आहे. पहिल्याच भागात एका ठेवीदाराला पासबुक हातात घेऊन बँकेच्या बंद शटरसमोर उभं करा, दर दोन भागांनी त्याला परत आणा, आणि मग नायकाच्या तोंडी हवे तितके टाळ्यांचे संवाद घाला.